चार संघ, आठ वासे आणि शंभर मीटर दोरी

ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडू लाथेने आणि मुठीने मारत खेळायचा खेळ, पुण्यात खेळून बघायचा असेल, तर आज टीव्हीवर दिसतो त्या नियमांनी खेळू नये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जे आंतरराज्य कार्निव्हल झाले, त्या काळच्या नियमांनी खेळावा. कारण अगदी व्यवहारी आहे. त्या नियमांत मैदानात एकच मुख्य पंच लागतो. मधला चौकोन आणि गोलसमोरची ५० मीटरची कमान आखावी लागत नाही. खेळाडू सारखे आतबाहेर करत नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशोब ठेवायला माणूस बसवावा लागत नाही. क्रिकेटचे एक मैदान, आठ वासे, शंभर मीटर दोरी आणि फक्कीची दोन पोती एवढ्यावर चार संघांचा कार्निव्हल उभा राहतो.

कार्निव्हल म्हणजे राज्याराज्यांचे संघ एकाच शहरात जमून थोड्या दिवसांत उरकायची साखळी स्पर्धा. पहिला १९०८ साली मेलबर्नला झाला. युद्धापूर्वीचा शेवटचा १९३७ साली पर्थला, आणि मग थेट दहा वर्षांनी, १९४७ साली टास्मानियातल्या होबार्टला. पुढे १९५० ब्रिस्बेन, १९५३ अ‍ॅडिलेड, १९५६ पर्थ. १९५८ चा मेलबर्नला झाला, कारण १८५८ पासून मोजले तर खेळाला शंभर वर्षे होत होती. हे सगळे व्हिक्टोरियाने, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे त्याने, जिंकले. १९६१ साली ब्रिस्बेनला मात्र वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने बाजी मारली.

खेळाचे पहिले लेखी नियम मे १८५९ मध्ये मेलबर्नच्या एका क्लबातल्या मंडळींनी बसून लिहिले. खो-खोच्या नियमांची आखणी ज्या शहरात डेक्कन जिमखान्यावर झाली, तिथल्या वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. क्लबवाले असेच नियम करतात: आपले मैदान समोर ठेवून. मेलबर्नवाल्यांच्या समोर हिवाळ्यात मोकळी पडलेली क्रिकेटची मैदाने होती, म्हणून हा खेळ लंबगोलात रुजला, आणि म्हणूनच तो आपल्याकडच्या कॉलेजच्या क्रिकेट मैदानावर बसतो.

आता आखणी. पूर्ण मैदान १३५ ते १८५ मीटर लांब आणि ११० ते १५५ मीटर रुंद असते, त्यात प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू. एवढी जागा पुण्यात सहज मिळत नाही, म्हणून १०० बाय ८० मीटरचा लंबगोल आणि प्रत्येकी १२ खेळाडू धरा. हे माप मुद्दाम निवडले आहे. अर्धी लांबी ५०, अर्धी रुंदी ४०, म्हणजे काटकोन त्रिकोणाची तिसरी बाजू ३० येते. मैदानाचा मध्य ठरवा, लांबीच्या रेषेवर मध्यापासून दोन्हीकडे ३० मीटरवर एकेक खुंटी ठोका. दोन खुंट्यांत ६० मीटर झाले. आता बरोबर १०० मीटर दोरीची दोन टोके या दोन खुंट्यांना बांधा. दोरी ताणून धरत एकजण फिरला की त्याचा हात आपोआप लंबगोल काढत जातो. मागून दुसरा फक्की टाकत येतो, आणि तिसरा गवतात अडकलेली दोरी उचलून मोकळी करतो. दोन माणसांत हे काम नीट होत नाही, दोरी हमखास अडकते आणि रेषेला कुबड येते.

चुकते ते दोरीमुळे. सुतळी आणि नायलॉन दोन्ही ताणतात. शंभराची दोरी ताणून १०२ झाली, तर दोन्ही टोके एकेक मीटर बाहेर जातात आणि दोन्ही बगला सव्वा सव्वा मीटरने फुगतात. म्हणून फक्की मारण्याआधी नुसती दोरी फिरवून चार ठिकाणी टेपने मोजा: मध्यापासून टोकाला ५०, बगलेला ४०. जास्त आले तर खुंट्या जागीच ठेवा आणि दोरीच आखूड करा. पूर्ण रेषा साधारण २८४ मीटर होते. तिला २५ किलोचे एक पोते पुरते, दुसरे पोते दुसऱ्या दिवशी रेषा उजळायला. फक्की खडूची घ्या. कळीचा चुना अजिबात नको. या खेळात माणसे जमिनीवर घसरतात, आणि घामाने ओला झालेला चुना कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट.

क्रिकेटच्या खेळपट्टीचे काय करायचे हा पुण्यातला पहिला वाद असतो. मॅटिंगखाली सिमेंट असेल तर लंबगोल सरळ बाजूला सरकवा. सिमेंटवर पाठीवर पडलेला खेळाडू पुन्हा उठून खेळेल याची खात्री नाही. मातीची खेळपट्टी असेल तर मैदानाची निगा राखणाऱ्याला विचारल्याशिवाय तिच्यावर स्टडचे बूट नेऊ नका. मध्यातली धुमश्चक्री नेमकी तिथेच होते, आणि एका सकाळीत खेळपट्टीचे शेत होते. ऑस्ट्रेलियातही क्रिकेटच्या मैदानांवर हिवाळ्यात सगळ्यात खोल चिखल मधल्या खेळपट्टीवरच व्हायचा.

गोलाचे खांब प्रत्येक टोकाला चार: मधले दोन उंच, बाहेरचे दोन बुटके. शेजारशेजारच्या कोणत्याही दोन खांबांत ६.४ मीटर, म्हणजे मूळ मापात सात यार्ड. चार खांबांची ओळ १९.२ मीटर होते आणि ती सरळ असावी लागते. लंबगोलाचे टोक तर वळलेले, त्यामुळे टोकाच्या बिंदूवर ओळ धरली की बाहेरचे बुटके खांब रेषेच्या दीड मीटर बाहेर पडतात. तेव्हा टोक कापायचे. मध्यापासून ४८.५ मीटरवर आडवी सरळ रेषा मारा, तिची दोन्ही टोके वक्राला मिळतात, तिथे बुटके खांब. गोल ते गोल अंतर ९७ मीटर उरते, आणि ते चालते.

उंच खांब जमिनीवर सहा मीटर, बुटके तीन मीटर. खड्ड्यासह उंच वासा साडेबावीस फुटी आणि बुटका बारा फुटी लागतो, दोन्ही टोके मिळून प्रत्येकी चार नग. बुरूड आळीत चौकशी करा, किंवा गणपतीनंतर मांडववाल्याकडे भाड्याने मागा. भाड्याने घेतले तर कापू नका, जास्तीची उंची तशीच राहू द्या. उंची जास्त असल्याने बिघडत काही नाही, कमी असली तर वरून गेलेला चेंडू आत होता की बाहेर यावर भांडण होते. वरची काळी माती वीतभर गेली की पुण्यात बहुतेक ठिकाणी मुरूम लागतो. आदल्या रात्री खड्ड्याच्या जागी दोन बादल्या पाणी ओतून ठेवा आणि सकाळी पहार चालवा. खांब पुरल्यावर जुनी गादी किंवा फोम माणसाच्या उंचीपर्यंत गुंडाळून सुतळीने आवळा. त्या काळी अशी गुंडाळी नसायची, पण या एका बाबतीत जुन्याचा हट्ट नको. बांबूच्या पेराची कडा कपाळाला लागली तर टाके पडतात.

उंच खांबांमधून, हल्ला करणाऱ्याच्या पायाने मारलेला आणि मध्ये कुणाचाही हात न लागलेला चेंडू गेला तर गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, एक गुण. उंच खांबाला लागला किंवा वाटेत कुणाचा हात लागून गोलात गेला तरीही बिहाइंडच. बुटक्या खांबाला लागला तर चेंडू बाहेर. धावफलक लिहायची पद्धत एकदा कळली की जुने निकाल वाचायला मजा येते: आधी गोल, मग बिहाइंड, मग कंसात एकूण. २३.१३ (१५१) म्हणजे २३ गोल आणि १३ बिहाइंड. मधल्या टिंबाला दशांश समजणारे पुष्कळ असतात.

चेंडू लंबगोल, चामड्याचा, चार पाकळ्यांचा. लांबीचा घेर ७२ ते ७३ सेंटिमीटर, आडवा घेर ५४.५ ते ५५.५, हवा ९ ते ११ पौंड. मेलबर्नमध्ये शेरिन नावाने मिळतो. तिकडे घरचे कुणी असेल तर दोन मागवा, एकावर कार्निव्हल करायला जाऊ नका. नाहीच जमले तर रग्बीचा चेंडू चालतो, पण पाच नंबरचा आडवा घेर ५८ च्या पुढे असतो, त्यामुळे एका तळव्यावर धरून मारायला तो अवघड जातो. चार नंबरचा घ्या.

चेंडू फेकायचा नाही, हा नियम आपल्याकडच्या खेळाडूंना सगळ्यात जड जातो, कारण क्रिकेटने हात फेकायलाच शिकलेला असतो. हँडबॉल असा: डाव्या तळव्यावर चेंडू आडवा ठेवा, उजव्या हाताची मूठ वळा, अंगठा मुठीच्या बाहेर, बोटांवर. आत दुमडलेला अंगठा पहिल्याच ठोशाला दुखावतो. चेंडू धरलेला हात स्थिर राहिला पाहिजे. तो हात पुढे आला की पंच फेक धरतो आणि फ्री किक समोरच्याला. मेलबर्नमध्येच व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनने १९३८ पासून दोन्ही हातांनी फेकायला परवानगी दिली होती. १९४९ मध्ये राष्ट्रीय परिषदेत सामील होताना त्यांना ती सोडावी लागली. तुमच्या सरावात फेकाफेक थांबत नसेल, तर पहिले दोन दिवस डाव्या हाताचे कोपर कमरेला टेकवून सराव घ्या. फेक आपोआप बंद होते.

किक शिकवायची तर ड्रॉप पंट शिकवा. चेंडू उभा धरायचा, शिवण समोर, मारणाऱ्या पायाच्या मांडीच्या रेषेत खाली सोडायचा आणि खालचे टोक पायाच्या वरच्या हाडाने मारायचे. चेंडू उलटा गरगरत सरळ जातो. त्या काळी मात्र ड्रॉप किकचा दबदबा होता. तीत चेंडू जमिनीला टेकतो त्याच क्षणी पाय लागतो. मऊ, सपाट हिरवळीवर ती सुरेख आणि लांब जाते. आपल्या मैदानावर एका खड्याने तिची दिशा बदलते. ज्याला येते त्याने जरूर मारावी, पण गोलासमोर नाही.

मार्क हा या खेळाचा जीव आहे. किमान दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटर, लाथेने आलेला आणि वाटेत कुणी न शिवलेला चेंडू झेलला की खेळ थांबतो. झेलणारा मागे सरून निवांत किक मारतो, आणि समोरचा झेलाच्या जागेवर उभा राहतो. आज हे अंतर १५ मीटर आहे. आपल्या छोट्या मैदानावर जुने दहा यार्डच बरे, नाहीतर मार्क फारसे मिळतच नाहीत. चेंडू घेऊन पळताना दर दहा यार्डांना तो जमिनीवर आपटून पुन्हा हातात घ्यायचा. टोक किंचित पुढे कलते ठेवून पावलाच्या थोडे पुढे आपटला तर हातात परत येतो. सरळ खाली आपटला तर नडगीला लागून भलतीकडे जातो.

पकड खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. हे कबड्डीवाल्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. घोटा धरला, पट काढला किंवा पाठीवर ढकलले की फ्री किक. पकडला गेलेल्याने चेंडू लगेच लाथेने किंवा मुठीने सोडला पाहिजे. संधी असूनही धरून बसला तर फ्री किक पकडणाऱ्याला. एरवी चेंडूवर ढीग पडला आणि चेंडू निघत नसेल तर पंचाने शिटी मारून तो सरळ वर उडवावा. जुने पंच जमिनीवर आपटून वर उसळवत, पण ओबडधोबड मैदानावर तो कुणाच्याही अंगावर जाईल.

बारा जणांची मांडणी सोपी आहे: मागे तीन, मध्यावर तीन, पुढे तीन, आणि चेंडूमागे मैदानभर फिरणारे तीन. त्या फिरत्यांत दोन उंच रक्मन, जे वर उडालेला चेंडू थापटतात, आणि एक चपळ रोव्हर, जो तो उचलतो. खो-खोतला चांगला धावक उत्तम रोव्हर होतो. राखीव फक्त दोन, आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येत नाही. सतत अदलाबदल १९७८ पासून आली. दोनच राखीव असल्यामुळे कर्णधाराला विचार करून माणूस बदलावा लागतो. मला हा जुना नियम आजच्यापेक्षा फार चांगला वाटतो.

पंच मंडळी एकूण सात. मैदानात एक, दोन्ही बगलांच्या रेषेवर एकेक, दोन्ही गोलांवर एकेक, आणि दोन वेळाधिकारी. बगलेचा पंच बाहेर गेलेला चेंडू मैदानाकडे पाठ करून डोक्यावरून मागे फेकतो. गोलाचा पंच त्या काळी पांढरा कोट घालायचा. डॉक्टरी कोट चालतो. गोल झाला तर दोन झेंडे, बिहाइंडला एक, आणि समोरच्या टोकाचा पंच तसेच झेंडे हलवून पोच देतो. अधिकृत गुण हे दोघेच आपापल्या कार्डावर लिहितात आणि प्रत्येक पावाला, म्हणजे सामन्याचा चौथा भाग संपला की, ताडून बघतात. फलक चुकला तरी कार्ड खरे. पाव संपल्याची खूण म्हणून शाळेची पितळी घंटा वापरा, शिटी नको, कारण शिटी पंचाच्या तोंडात आहे. घंटेआधी मार्क झेलला असेल तर त्याची किक घंटेनंतरही मारू द्यायची असते, हे प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवा.

त्या काळी एक पाव २५ मिनिटांचा आणि वर वाया गेलेला वेळ. आपल्याला १० मिनिटांचे चार पाव पुरेत. विश्रांती ३, ६ आणि ३ मिनिटे धरून सामना तासाभरात होतो. प्रत्येक पावाला बाजू बदला, म्हणजे वारा आणि ऊन दोघांना सारखे. चार संघांचे सहा सामने एका दिवसात ठेवू नका. शनिवारी सकाळी दोन, दुपारी साडेतीनपासून दोन, रविवारी सकाळी दोन. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसातच्या आधी सुरू करू नका, दवाने चेंडू साबणासारखा होतो. पावसाळ्यात तर हा विचारच नको. काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि पाय मुरगळतात. बलवान वाटणारे दोन संघ शेवटच्या फेरीत समोरासमोर आणा, म्हणजे रविवारपर्यंत निकाल उघडा राहतो.

विजयाला ४ गुण, बरोबरीला २. गुण सारखे झाले की टक्केवारी: केलेले भागिले दिलेले, गुणिले शंभर. ही वजाबाकी नाही, आणि इथे कबड्डीच्या सवयीने घोटाळा होतो. समजा कोथरूडने १५० केले आणि १२० दिले: फरक ३०, टक्केवारी १२५. हडपसरने ९६ केले आणि ७२ दिले: फरक २४च, पण टक्केवारी १३३.३. हडपसर वर. गोल वाचवणारा संघ या पद्धतीत वर चढतो. शेवटच्या सामन्यात मोठी आघाडी मिळाली की पुढे धावत सुटण्यापेक्षा मागची तिघे पक्की करणे फायद्याचे, हे कर्णधारांना शनिवारीच समजलेले असावे.

संघ कसे पाडायचे, यावर थोडे थांबतो, कारण मूळ कार्निव्हलचे दुखणे इथेच होते. खेळाडू ज्या राज्याच्या लीगमध्ये खेळतो त्या राज्याचा, असा नियम होता. पैसा आणि गर्दी मेलबर्नच्या लीगमध्ये, त्यामुळे इतर राज्यांत तयार झालेले खेळाडू तिकडे जात आणि मग व्हिक्टोरियाकडून खेळत. ग्रॅहम फार्मरने १९५६ साली पर्थच्या कार्निव्हलमध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून सर्वोत्तम खेळाडूचे टॅसी पदक मिळवले. १९६२ मध्ये तो मेलबर्नच्या लीगमधल्या जिलाँग क्लबात गेला आणि पुढे निळ्या व्हिक्टोरियन जर्सीतही उतरला. पदकांची यादीच पाहा: १९५० टेरी कॅशन, टास्मानिया. १९५३ मर्व्ह मॅकिंटॉश, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. १९५६ फार्मर. तिन्ही वेळा स्पर्धा व्हिक्टोरियाची, पदक दुसऱ्याचे. आणि १९६१ ला उलट, विजेता वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, पदक व्हिक्टोरियाच्या ब्रायन डिक्सनला. अखेर ८ ऑक्टोबर १९७७ रोजी पर्थला मूळ राज्यानुसार पहिला सामना झाला आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला १५१ विरुद्ध ५७ असे ९४ गुणांनी हरवले. आपापली माणसे परत मिळाली की काय होते ते एका दुपारी दिसले.

तेव्हा आपल्याकडे संघ क्लबवरून पाडू नका, नाहीतर एकाच तालमीचे बारा पैलवान एका बाजूला येतील. शाळेची पहिली चार वर्षे ज्या भागात काढली, त्या भागाचा खेळाडू. कोथरूड, हडपसर, येरवडा, धनकवडी, कसेही. बाहेरगावाहून आलेल्यांच्या चिठ्ठ्या टाका. यादी सामन्यांच्या आठवडाभर आधी लावा, आणि नंतर एकही नाव बदलू नका. सर्वोत्तम खेळाडूसाठी मुख्य पंचाने प्रत्येक सामन्यानंतर तीन नावे ३, २, १ गुणांनी चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करावे आणि पाकिटे रविवारी सगळ्यांसमोर फोडावीत.

सामने संपले की वासे हलवून उपटू नका, खड्डा रुंद होतो. बुडाशी पाणी ओतून पाच मिनिटांनी गोल फिरवत वर काढा. आठही खड्डे निघालेल्या मुरमाने तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर पहारेच्या बुडाने ठेचा, वर हातभर माती घालून पाणी मारा. खुंट्यांच्या दोन जागाही विसरू नका. सोमवारी सकाळी तिथे क्रिकेटवाले असतात, आणि त्यांच्या क्षेत्ररक्षकाचा पाय नेमका त्याच खड्ड्यात जातो.